माजघरांतील कादंबरी

कादंबरीवाचनाविषयीं पुष्कळ शाळामास्तरांचा जो ग्रह असतो तोच माझाही होता. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला मैत्री, लग्नें आणि घरगुती बोलणीं यांनीं भरलेल्या बायकी कथा म्हणजे रिकाम्या वेळचा चिवडा वाटावा यांत नवल नाहीं. हा ग्रह गेल्या पावसाळ्यांत माझ्याच घरीं मोडला. तो कसा मोडला हें सांगितल्यास कांहीं वाचकांस उपयोग होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं आमच्या दोघी सुना व नात माजघरांत बसून कांहींतरी वाचीत असत. धाकटी सून इंग्रजी पुस्तक हातीं धरून त्याचा अर्थ मराठींत सांगे, आणि मधूनमधून मोठी खसखस पिके. एके दिवशीं न राहवून मीं विचारलें, "एवढें हसण्यासारखें त्यांत आहे तरी काय?"

"विशेष कांहीं नाहीं, नाना," सूनबाई म्हणाली. "एक मुलगी दुसऱ्यांचीं लग्नें जुळवावयास जाते आणि दर वेळीं फसते. तुम्हांला नाहीं आवडायचें."

आवडावयाचें नाहीं असें म्हटल्यामुळेंच मी दाराशीं खुर्ची ओढून बसलों.

पुस्तक होतें जेन ऑस्टिन या इंग्लिश लेखिकेची 'एमा' ही कादंबरी. ती १८१५ च्या डिसेंबरांत लंडन येथें तीन भागांत प्रसिद्ध झाली. तींत खून नाहीं, कपटी खलपुरुष नाहीं. सासूसुनांनीं एकत्र वाचावें आणि कोणास मान खालीं घालावी लागूं नये इतकें तें निर्मळ पुस्तक आहे. हायबरी नांवाचा लहानसा गांव; तेथील सधन घराण्यांतील, एकविशीस टेकलेली एमा ही नायिका. तिच्या वडिलांना वाऱ्याच्या झुळुकेचें भय, पातळ पेजेवर अपार श्रद्धा, आणि लग्नाचा केक कोणाच्याच प्रकृतीस मानवावयाचा नाहीं अशी खात्री! एमाची हॅरिएट नांवाची एक भोळी मैत्रीण असते. एक सुशील शेतकरी तिला मागणी घालतो. एमा ती मागणी नाकारावयास लावते आणि गांवच्या धर्मोपदेशकाशीं तिचें जुळवूं पाहते. तो गृहस्थ शेवटीं मागणी घालतो ती एमालाच! येथें आमच्या नातीनें टाळी वाजविली. मलाही हसूं आवरलें नाहीं.

परंतु पुढें एक प्रसंग आला, आणि माझें हसूं ओठावरच राहिलें. त्या गांवांत मिस बेट्स नांवाची एक प्रौढ अविवाहित बाई आहे. पूर्वींच्या धर्मोपदेशकाची ही मुलगी. आतां वडील नाहींत, पैसा नाहीं. वृद्ध आईसह माडीवरच्या भाड्याच्या खोल्यांत राहते. स्वभावानें गोड, परंतु बोलूं लागली कीं थांबणें ठाऊक नाहीं. बॉक्स हिल या टेंकडीवर सर्व मंडळी सहलीस जातात. तेथें एक तरुण खेळ काढतो कीं, प्रत्येकानें एक फार चतुर, किंवा दोन बऱ्यापैकीं, किंवा तीन अगदीं नीरस गोष्टी बोलाव्या. मिस बेट्स भाबडेपणानें म्हणते, तीन नीरस गोष्टी मला सहज जमतील. त्यावर एमा चटकन् सुचविते कीं, तुम्हांला अडचण पडेल ती केवळ संख्येची. एका वेळीं तीनच बोलावयाच्या आहेत!

मिस बेट्सला अर्थ कळावयास क्षणभर लागतो. मग तिचा चेहरा उतरतो. पुढें एमाचा जुना स्नेही श्री. नाइटली तिला एकीकडे गांठून स्पष्ट सांगतो कीं, ही बाई तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट निराळी. ती गरीब आहे, दिवसेंदिवस खालावत आहे, आणि तुझें पाहून इतरही तिला हसतील. एमा घरीं जातांना वाटभर रडते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस बेट्सच्या घरीं जाते.

सूनबाईनें पुस्तक मिटलें. मी मात्र पंचवीस-तीस वर्षें मागें गेलों होतों. माझी एक विधवा आत्या आमच्याच घरीं असे. जन्मांत एकदां काशीयात्रा घडली, तिचीच हकीकत ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगे. थोरल्या मुलाच्या मुंजींत पानें मांडलीं असतां ती कोणा पाहुणीला तीच हकीकत सांगत होती. मी ओरडलों, "आत्या, काशीची गाडी आज मनमाडलाच थांबवा, पंगत खोळंबली आहे!" सारी पंगत हसली, आत्याही हसली. परंतु त्यानंतर काशीचें नांव तिच्या तोंडून मीं कधीं ऐकलें नाहीं. मला कोणी नाइटली भेटला नाहीं, आणि एमाप्रमाणें दुसऱ्या दिवशीं मी गेलोंही नाहीं. आत्या पुढें पांच वर्षें होती. आज मनांत येतें कीं, गंगेच्या घाटावर तिनें काय पाहिलें हें मला सांगतां येणार नाहीं. मनमाडच्या पुढें मीं कधीं ऐकलेंच नव्हतें.

हा प्रसंग ऑस्टिनबाईंनीं इतका नेमका लिहिला याचें कारण त्यांच्या चरित्रांत दिसतें. त्यांचा जन्म १७७५ चा. त्या अविवाहित राहिल्या. १८०५ मध्यें वडील वारल्यावर आई, त्या व त्यांची थोरली बहीण यांना भावांच्या साह्यावर दिवस काढावे लागले. १८०९ पासून त्या एका भावानें दिलेल्या चॉटन येथील घरांत राहिल्या. हयातींत पुस्तकावर नांवही छापलें नाहीं, आणि १८१७ मध्यें अवघ्या ४१ व्या वर्षीं त्या निवर्तल्या. एमाची चलाख जीभ त्यांची होती, आणि आश्रितेची जागाही त्यांनाच ठाऊक होती.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ते मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविले. त्यांत हसणाराचे गाल, डोळे आणि दांत कसे दिसतात याचें वर्णन आहे; ज्याला हसलें त्याचा चेहरा कसा दिसतो, हें मला या 'हलक्या' कादंबरीनें शिकविलें. मम्मटाचार्य काव्याचा उपदेश कान्तासंमित म्हणतात. म्हणजे राजाज्ञेसारखा नव्हे, तर प्रिय पत्नीच्या बोलण्यासारखा, गोडीगोडीनें गळीं उतरणारा. त्या शब्दाचा अर्थ मला निवृत्तीनंतर आपल्या माजघराच्या दाराशीं कळला.

एकत्र कुटुंबांत मोठीं भांडणें क्वचितच होतात. माणसें दुखावतात तीं बहुधा अशा चिमटीएवढ्या शब्दांनीं. म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस माझी विनंति आहे कीं, लेकीसुना असें कांहीं वाचीत असतील तर नाक मुरडूं नये. जवळ जाऊन बसावें. शेवटीं एमाचें लग्न त्या नाइटलीशींच होतें, आणि वृद्ध पित्यास एकटें सोडवत नाहीं म्हणून तो भारदस्त जमीनदार सासऱ्याच्या घरीं राहावयास येतो. "म्हणजे घरजांवईच कीं!" असें म्हणून आमच्या घरांत जो हशा उठला, त्यांत मीही मनमोकळेपणानें सामील झालों. त्या हशानें कोणाचाच चेहरा उतरला नव्हता. मीं एकदां सभोंवार पाहून घेतलें होतें.