वायद्यावर विकलेला प्लेअर

ब्लू-रे प्लेअर अर्धवट असतानाच विकायची मुभा खुद्द त्या तंत्राच्या नियमांनीच दिली होती. डीव्हीडी प्लेअर पहिल्या दिवशी जसा असे तसाच सहसा तो मोडेपर्यंत राहत असे. ब्लू-रेच्या बाबतीत मात्र उत्पादकांच्या संघटनेने यंत्रांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिली, १.०, ही सवलतीची होती: फक्त चित्रपट दाखवा, बाकीचे पुढे बघू. दुसऱ्या पायरीवर, १.१ वर, मुख्य चित्रासोबत कोपऱ्यात दुसरे चित्र दाखवण्याची सोय आणि २५६ एमबी साठवण सक्तीची झाली. तिसरी, २.०, म्हणजे इंटरनेट जोडणी आणि १ जीबी साठवण. १ नोव्हेंबर २००७ पासून येणाऱ्या नव्या मॉडेलना निदान १.१ गाठणे बंधनकारक झाले. त्याआधीची यंत्रे ज्यांनी घेतली त्यांचे काय, याचे उत्तर नियमांत नव्हते. ते फर्मवेअरवर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये भरलेल्या आज्ञावलीवर, सोपवले गेले. ही आज्ञावली नंतर बदलता येते, आणि ‘पुढील अपडेटमध्ये मिळेल’ हा वायदा सगळा त्यावरच उभा असतो.

वायदा पुरा होणार की नाही हे बऱ्याच अंशी खोक्याच्या मागच्या बाजूवर वाचता येत असे. सोनीचा बीडीपी-एस३०० हा २००७ चा प्लेअर. त्याला नेटवर्कचे सॉकेटच नव्हते. अपडेट त्यालाही येत, पण नव्या डिस्क चालाव्यात एवढ्यापुरतेच. तो पहिल्या पायरीवर जन्मला आणि तिथेच राहिला. पुढच्या वर्षीचा बीडीपी-एस३५० मात्र १.१ वर विकला गेला आणि २.० नंतर देऊ असे सांगितले गेले. त्याला नेटवर्कचे सॉकेट होते, मागे यूएसबीची खाच होती. अपडेट त्याच वर्षी आले आणि वायदा पाळला गेला. फक्त १ जीबीचा पेनड्राइव्ह ग्राहकाने पदरचे पैसे घालून आणायचा होता. आज्ञावलीने नवे सॉकेट उगवत नाही आणि दुसरे चित्र उलगडणारी चिपही येत नाही. जे आत बसवलेले आहे पण बंद ठेवले आहे तेवढेच ती जागे करू शकते. ओप्पोच्या यूडीपी-२०३ वर हेच दिसले: डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या या प्लेअरला डॉल्बी व्हिजन हे चित्रतंत्र २०१७ च्या मध्यावर अपडेटने मिळाले, कारण त्याला लागणारी चिप आधीच आत होती.

या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके यंत्र मात्र निव्वळ प्लेअर म्हणून विकले गेले नव्हते. सोनीचे प्लेस्टेशन ३ भारतात २७ एप्रिल २००७ रोजी ३९,९९० रुपयांना आले. खेळांसाठी घेतलेले हे यंत्र पुढची काही वर्षे बाजारातला सर्वांत भरवशाचा ब्लू-रे प्लेअर ठरले. कारण साधे होते. त्याच्यातला ‘सेल’ प्रोसेसर इतका ताकदवान होता की चित्र आणि ध्वनी उलगडण्याचे बहुतेक काम आज्ञावलीनेच भागे. डिसेंबर २००७ मध्ये अपडेटने त्याला १.१ वर नेले, मार्च २००८ मध्ये २.० वर. एप्रिलमध्ये डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ध्वनितंत्र आले. सप्टेंबर २०१० मध्ये तर त्रिमिती ब्लू-रे दाखवण्याची सोय झाली, जिचा विचारही यंत्र विकताना कोणी केला नसेल. महागडे स्वतंत्र प्लेअर घेतलेले लोक पायरी १.० वर अडकून बसले असताना हे खेळणे तीन वर्षांत चार वेळा वयात आले.

आणि याच यंत्राने उलटी बाजूही दाखवली. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवता येत असे. ‘अदर ओएस’ नावाची ही सोय पहिल्या दिवसापासून होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून ‘काँडॉर’ नावाचा महासंगणक उभारला तो या सोयीच्याच आधारावर. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने तिचा वापर करून यंत्राच्या सुरक्षेला खिंडार पाडल्याचे जाहीर केले. सोनीने १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ क्रमांकाचे अपडेट दिले. त्याने नवे काही दिले नाही, ‘अदर ओएस’ तेवढे काढून घेतले.

अपडेट सक्तीचे नव्हते, असे कंपनीचे म्हणणे. कागदावर ते खरेही होते. पण अपडेट नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळता येणार नव्हते, आणि ज्या ब्लू-रे डिस्कना नवी आज्ञावली लागते त्या चालणार नव्हत्या. म्हणजे ग्राहकाने ठरवायचे: लिनक्स हवे की चित्रपट? दोन्ही त्याने विकतच घेतले होते. या निवडीला ऐच्छिक म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

एप्रिल २०१० मध्येच कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. कंपनीची भिस्त होती परवान्याच्या अटींवर, ज्या ‘मान्य’ हे बटण दाबताना कोणीही वाचत नाही. डिसेंबर २०११ मध्ये दावा फेटाळला गेला. जानेवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्यातला काही भाग पुन्हा जिवंत केला. २०१६ मध्ये तडजोड ठरली: लिनक्स वापरल्याचा पुरावा देणाऱ्याला ५५ डॉलर, इतरांना ९. न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ती नामंजूर केली. अखेर ३७.५ लाख डॉलरची नवी तडजोड झाली आणि २०१८ मध्ये प्रकरण मिटले. आठ वर्षे! तोवर प्लेस्टेशन ४ सुद्धा जुने झाले होते.

अपडेटचा मार्ग दोन्ही दिशांनी चालतो, आणि कधीकधी तो नुसताच कोसळतो. १८ जून २०२० च्या सुमारास सॅमसंगचे अनेक ब्लू-रे प्लेअर आणि होम थिएटर संच जगभर एकाच वेळी बिघडले. सुरू होत, बंद पडत, पुन्हा सुरू होत. तपासात आढळले की कंपनीच्या सर्व्हरवरून यंत्रांनी एक छोटी एक्सएमएल फाइल उतरवून घेतली होती. ती वाचताना आज्ञावली कोलमडे. फाइल यंत्राच्या स्मृतीत साठलेली, आणि दर वेळी सुरू होतानाच वाचली जाणारी. त्यामुळे दुरुस्तीचे अपडेट घेण्याइतका वेळही यंत्र जागे राहत नसे. ते कंपनीकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मराठवाड्यातल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या व्यवहाराला आणखी एक पदर आहे. ब्लू-रेचा वायदेबाजार तेजीत होता तेव्हा मराठवाडा भारनियमन सोसत होता. फर्मवेअर बदलताना जुनी आज्ञावली पुसून नवी लिहिली जाते. नेमकी त्याच मिनिटांत वीज गेली तर, आज्ञावलीची दुसरी प्रत न ठेवणारा प्लेअर मुका खोका होऊन बसतो. पडद्यावर ‘बंद करू नका’ असे लिहिणाऱ्याने महावितरणचे वेळापत्रक पाहिलेले नसते. ब्रॉडबँड नसेल तिथे वाट पेनड्राइव्हची: फाइल संगणकावर उतरवायची, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कोणत्याही फोल्डरबाहेर ठेवायची, प्लेअरला जोडायची आणि प्लेअर इन्व्हर्टरवर घ्यायचा. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी देशाचे अक्षर असेल तर फाइलही त्याच अक्षराची घ्यावी.

वायदा कंपनीच्या आयुष्यापलीकडे जात नाही हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. पैठण रस्त्यावरच्या चितेगावातून देशभर टीव्ही आणि फ्रिज पाठवणारी व्हिडिओकॉन जून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओप्पोने प्लेअर बनवणे थांबवल्याचे जाहीर केले. अपडेट मात्र ती कंपनी त्यानंतरही देत राहिली. असा सज्जनपणा कराराने मिळत नसतो.

वायदा मोडला तर दाद कुठे मागायची? बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. त्यानुसार तक्रार साधारणतः विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे करावी लागे. नांदेडच्या दुकानातून घेतलेल्या प्लेअरसाठी नांदेडच्या खेपा. २०१९ च्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, हे बदलले. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या ग्राहकाला हिंगोली पुरते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

अपडेटच्या वायद्याला लागू पडणारे वाक्य कलम २ (४७) मध्ये, अनुचित व्यापारी प्रथांच्या लांबलचक व्याख्येत दडलेले आहे. ठरावीक परिणाम साधेपर्यंत वस्तू दुरुस्त करण्याचे, सांभाळण्याचे किंवा सेवा चालू ठेवण्याचे जाहीर वचन दिले, आणि ते दिशाभूल करणारे असेल किंवा पाळले जाण्याची वाजवी शक्यताच नसेल, तर ती अनुचित प्रथा ठरते. सॉकेट नसलेल्या प्लेअरवर ‘इंटरनेट सोय लवकरच’ छापणे या व्याख्येत चपखल बसते. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. पण पुरावा हातात लागतो: खोक्यावरचा मजकूर, जाहिरातीचे कात्रण, मॉडेल क्रमांक असलेले पक्के बिल. दुकानदाराने तोंडी दिलेल्या हमीला आयोगासमोर फारसे वजन राहत नाही.

खरी अडचण मुदतीची आहे. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण दाखवले तरच उशीर माफ होतो. जाहिरातीत तारीख असेल तर कारण त्या तारखेला घडले असे म्हणता येते. नुसते ‘लवकरच’ असेल तर कंपनीचा वकील दोन वर्षे खरेदीपासून मोजणार, आणि ग्राहक अपडेटची वाट बघत बसलेला असतानाच ती संपणार. त्यामुळे तारीख नसलेल्या वायद्यावर प्लेअर घेतला असेल तर कंपनीला तारीख विचारणारे लेखी पत्र लगेच पाठवावे, आणि उत्तर आले नाही तरी बिलाच्या तारखेपासून दोन वर्षे भरायच्या आत अर्ज दाखल करावा.