काच नवी, नजर तिरकी

‘टक्!’ एवढाच आवाज आला. मुंबईहून परत येताना तळेगावच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून एक खडा उडाला आणि काकांच्या गाडीच्या काचेवर आपटला. शेंगदाण्याएवढा डाग. “काही नाही गं, बघू नंतर,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत त्यांनी फुल एसी लावला आणि त्या डागाला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत तडा पार मधल्या आरशापर्यंत पोहोचला होता.

काच बदलायची हे ठरलं. पण काकांकडे जुन्या गाडीवरून जपत आणलेला ५० टक्के नो क्लेम बोनस होता आणि एका काचेसाठी क्लेम करून तो घालवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. म्हणून कंपनीच्या वर्कशॉपऐवजी ते बाहेरच्या काचवाल्याकडे गेले. दोन तासांत काम झालं. गम वाळेपर्यंत थांबा, आज गाडी धुऊ नका, दारं जोरात आपटू नका, एवढ्या सूचना मिळाल्या. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही गेला, नवीन काढायला विसरू नका, हे तर दुकानातल्या पोरापासून आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांनी आठवणीने सांगितलं. साहजिक आहे. टॅग नसला तर नाक्यावर जादा टोल!

त्याच काचेवर, आरशाच्या मागे आणखी एक वस्तू होती. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

ती वस्तू म्हणजे कॅमेरा. तुम्ही पाहिला असेल. आरशामागे काळ्या प्लॅस्टिकचं एक कव्हर असतं आणि त्यातून एक छोटा डोळा रस्त्याकडे बघत असतो. हा डॅशकॅम नव्हे, त्यात रेकॉर्डिंग वगैरे सापडत नाही. गाडी लेन सोडायला लागली की स्टिअरिंगला हलका धक्का देणं, पुढचं वाहन अचानक थांबलं तर आपण ब्रेक मारायच्या आधी ब्रेक मारणं, ही कामं त्याच्या भरवशावर चालतात. सगळ्या प्रकाराला म्हणतात ‘अडास’. रीलमध्ये लोक हात सोडून गाडी चालवून दाखवतात ना, तेच. (ते करू नका. कंपन्यासुद्धा मॅन्युअलमध्ये हात स्टिअरिंगवरच ठेवा असं बजावतात.)

काच बदलून आठवडा झाला आणि दादा, म्हणजे काकांचा मुलगा, कुरकुर करू लागला. गाडी डावीकडे ओढतेय. गंमत म्हणजे शहरात काहीच नाही, हायवेला लागलं की सुरू. टायरवाल्याने अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं, पैसे घेतले. फरक शून्य. “गाडी रुसलीय,” दादा म्हणाला आणि आम्ही हसलो. शहरात का होत नव्हतं, हे नंतर कळलं. या गाडीत लेनची सोय ताशी ६५ किलोमीटरच्या पुढेच जागी होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि दादा मुंबईला निघालो. उर्से टोलनाका मागे पडला होता, कामशेतचा बोगदा यायचा होता. आम्ही मधल्या लेनमध्ये, वेग ९०. उजव्या लेनमध्ये एक कंटेनर नेहमीप्रमाणे ठाण मांडून सावकाश चाललेला. आमच्यासमोरचा रस्ता मोकळा. अगदी मोकळा, मी शपथेवर सांगते. आणि एकदम डॅशबोर्डवर लाल चित्र चमकलं, टीं-टीं वाजलं आणि गाडीने स्वतःहून कचकन ब्रेक मारला. माझा मोबाइल मांडीवरून थेट पायाशी. मागून ट्रकचा हॉर्न, तो लांबच लांब हॉर्न, अजून कानात आहे. तो ट्रक डावीकडे वळून आमच्या बाजूने निघून गेला. मधे किती अंतर उरलं होतं हे मोजायची माझी हिंमत झाली नाही. दादाने पुढच्या फूड मॉलला गाडी लावली आणि दहा मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बसलो.

दोन दिवसांनी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या टेक्निशियनने बॉनेट उघडलं नाही की लॅपटॉप जोडला नाही. आधी विचारलं, “काच कधी बदलली?”

झालं होतं ते असं. या कॅमेऱ्याचं ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेलं असतं. काच काढताना कॅमेरा उतरवून बाजूला ठेवतात आणि नव्या काचेवर पुन्हा बसवतात. पण नवी काच गमच्या थरावर केसभर पुढे-मागे बसते, ब्रॅकेट केसभर कललेलं असतं. आपल्या डोळ्यांना काहीच कळत नाही. कॅमेरा मात्र जुन्याच हिशोबाने बघत राहतो. आपण सरळ बघतोय असं त्याला वाटतं आणि तो बघत असतो किंचित उजवीकडे. मग समोरचा रस्ता त्याला डावीकडे सरकलेला दिसतो. म्हणून गाडी स्वतःला डावीकडे ढकलत होती. म्हणूनच उजव्या लेनमधला कंटेनर त्याला आमच्याच लेनमध्ये, आमच्यापुढे उभा दिसला. गाडीने तिच्या दृष्टीने बरोबर तेच केलं.

“किंचित म्हणजे किती?” मी विचारलं. “मॅडम, एक अंश पण खूप झाला.”

घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला. एक अंश चुकला तर १०० मीटरवर सुमारे पावणेदोन मीटरचा फरक पडतो. एक्स्प्रेस-वेची एक लेन पावणेचार मीटरची असते, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. आणि ताशी १०० च्या वेगाला १०० मीटर संपायला साडेतीन सेकंदांपेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो.

कॅमेरा वर-खाली कलला तर आणखी वाईट. दहावीच्या भूमितीतला अवनत कोन आठवतोय? दीपगृहावरून जहाज बघणारा तो माणूस, ज्याचा आपल्या आयुष्यात कधी उपयोग होणार नाही असं आपण छातीठोक सांगायचो? तो माणूस म्हणजेच हा कॅमेरा. एकाच डोळ्याने अंतर मोजायचं तर पुढच्या गाडीची चाकं रस्त्याला जिथे टेकतात तो बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसतो, हा त्याच्या हिशोबाचा एक मोठा आधार. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर आहे असं धरा. ५० मीटरवरच्या गाडीचा अवनत कोन येतो जेमतेम दीड अंश. त्यात अर्ध्या अंशाची चूक घाला. कॅमेऱ्याच्या मते ती गाडी एका बाजूला चूक असेल तर ७५ मीटरवर, दुसऱ्या बाजूला असेल तर ३७ मीटरवर! खऱ्या गाड्यांमधलं सॉफ्टवेअर वाहनाचा आकारही बघतं, काही गाड्यांत जोडीला रडार असतं, त्यामुळे इतकी थेट फसगत दरवेळी होत नाही. पण काकांच्या गाडीत रडार नाही. सगळा भार त्या एका डोळ्यावर.

आम्हाला कॅमेऱ्याने नको तिथे ब्रेक मारून दिला, म्हणून निदान कळलं तरी. ५० ला ७५ समजणारा कॅमेरा काहीच करत नाही. तो गप्प असतो, आणि ज्या दिवशी ब्रेक लागायला हवा त्या दिवशी उशिरा लावतो.

दुरुस्तीला म्हणतात कॅलिब्रेशन. मला वाटलं होतं लॅपटॉप लावतील, एक बटण दाबतील. प्रत्यक्षात ते बरंचसं गवंडीकाम निघालं! आधी सपाट जागा, नुसती दिसायला सपाट नाही, मोजलेली. चारही टायरची हवा ठरल्याप्रमाणे. व्हील अलाइनमेंट तपासायचं, कारण गाडी तोंड करून उभी आहे ती दिशा आणि ती प्रत्यक्ष धावते ती दिशा एकच हवी. मग टेक्निशियनने डिकी उघडली आणि आमच्याकडे बघितलं. आत दादाची क्रिकेट किट आणि भोरहून आणलेलं इंद्रायणी तांदळाचं पोतं. सगळं बाहेर. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघायला लागतो.

“मग रोज मागे तीन माणसं बसतात तेव्हा?” मी जर्नालिझमची विद्यार्थिनी आहे, प्रश्न विचारणं भाग आहे. तेवढा फरक कॅमेरा चालता-चालता सांभाळून घेतो, तो म्हणाला, पण शून्य कुठे आहे हे त्याला एकदा कुणीतरी नीट सांगावं लागतं.

त्यानंतर ओळंबा आला. खराखुरा, दोरीला टांगलेला ओळंबा. गाडीच्या पुढच्या-मागच्या लोगोच्या मध्यावरून तो सोडून जमिनीवर खुणा केल्या, दोरा धरून मधली रेषा काढली, त्या रेषेवर ठरलेल्या अंतरावर स्टँड उभा केला आणि त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा फलक लावला. स्टँडला आमच्या कॉलेजच्या ट्रायपॉडसारखाच पाणसळीचा बुडबुडा होता. फलकाची उंची दोनदा मोजली. तयारीला तासाहून जास्त गेला. लॅपटॉपवरचं काम काही मिनिटांचं. कॅमेरा तो फलक बघतो, तो कुठे दिसायला हवा होता आणि कुठे दिसतोय याचा फरक काढतो आणि आपला शून्य पुन्हा लिहितो.

हा झाला उभ्या गाडीचा प्रकार. काही गाड्यांना याऐवजी रस्त्यावरचं कॅलिब्रेशन लागतं. स्कॅनर जोडून, ठरलेल्या वेगाने, लेनचे पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर गाडी फिरवायची आणि कॅमेरा ते पट्टे बघून स्वतःला लावून घेतो. काहींना दोन्ही लागतात. पट्टे स्पष्ट असलेला रस्ता, तोही पावसाळ्यात, कुठून आणायचा हे मी विचारलं नाही. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती.

काकांनी अर्थातच काचवाल्याला फोन केला. “साहेब, लाइट आली होती का डॅशबोर्डवर? नाही ना? मग ओके असतं. नवीन गाड्यांत आपोआप होतं.” तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याची तशी समजूत असावी. लाइट आली नव्हती हेही खरं. कॅमेऱ्याची वायर नीट जोडलेली असेल, त्याला चित्र दिसत असेल, तर बऱ्याच वेळा गाडी तक्रार करत नाही. तिरकं बघणाऱ्याला आपण तिरकं बघतोय हे कळणार कसं? पण काचवाल्याने विचारायला हवं होतं, या मतावर मी ठाम आहे. तीस वर्षं काचा बसवणाऱ्या माणसाला आरशामागचा कॅमेरा दिसतो. तो हातानेच तर उतरवतो.

आणि ही फक्त काकांच्या गाडीची गोष्ट नाही. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आणि अ‍ॅस्टर आल्या, मग व्हर्ना, सेल्टोस, एलिव्हेट, क्रेटा असं करत हा कॅमेरा मध्यमवर्गीय पार्किंगमध्ये उतरला. त्या पहिल्या गाड्यांच्या काचा आता फुटण्याच्या वयाला आल्यात. यातल्या काही सेकंडहँडमध्ये विकल्या जातायत, काही सेल्फ-ड्राइव्हला लागल्यात. गोव्याला जाताना पाच जणांनी कॉन्ट्रिब्युशन काढून घेतलेल्या गाडीची काच कधी, कुठे बदलली हे तुम्हाला कोण सांगणार? २०२५ मध्ये केंद्र सरकारने बस आणि ट्रकसाठीही आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा मसुदा काढला. चांगलंच आहे. पण ट्रॅव्हल्सच्या बसची काच फुटली की ती कशी घाईत बदलली जाते, हे रात्रीच्या प्रवासात ज्याने पाहिलंय त्याला पुढचा प्रश्न पडेलच.

तर घरच्या गाडीची काच बदलली असेल तर बिल काढून बघा. काच, गम, लेबर, जीएसटी याखेरीज कॅलिब्रेशनची ओळ आहे का? काच अजून बदलायची असेल तर काम देण्याआधीच विचारा आणि झाल्यावर रिपोर्टची प्रिंट मागा. इन्शुरन्समधून करत असाल तर एस्टिमेटमध्येच ती ओळ घालून घ्या, नंतर भांडण नको. कॅमेऱ्यासमोर फिल्मची पट्टी, स्टिकर आणि नवा फास्टॅगसुद्धा नको. दसऱ्याचा हारही जरा खाली बांधा. आमच्या कॅलिब्रेशनचं बिल काचेच्या बिलाच्या पाव भागाहून कमी होतं, आणि बोनसही शाबूत राहिला, हे काका अजून सगळ्यांना सांगतात.

हे सगळं मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. नेहमीप्रमाणे आधी दोन अंगठे आले, एक नमस्कार आला. मग सी विंगमधल्या काकूंचा मेसेज: ‘आमची काच दिवाळीत बदलली. कोणी काही बोललं नव्हतं. हल्ली उगाच बीप वाजतं खरं. उद्या पहाटे कोल्हापूरला निघतोय.’

मी फोनच केला. मेनूमध्ये जाऊन लेन आणि ब्रेकची मदत कशी बंद करायची ते सांगितलं. काही गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केलं की ती आपोआप चालू होते, तेही सांगितलं. म्हणजे पेट्रोलला थांबलात, चहाला थांबलात, तर निघताना दरवेळी बघायचं.

“दरवेळी?” काकूंनी विचारलं. मागून त्यांच्या मिस्टरांचा आवाज आला, “त्यापेक्षा परवा जाऊ.”