कचऱ्याची खाण आणि तिचा हिशेब

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर सकाळी घंटागाडी येते, इमारतींतून डबे खाली येतात आणि दहा मिनिटांत रस्ता कचऱ्यापासून व रहिवासी कचऱ्याच्या विचारापासून मोकळे होतात. शहरातला हा कचरा पुढे रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तेथील कोळी व शेतकरी वस्तीने त्याचा धूर, दुर्गंधी आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारे काळे पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे. त्यासाठी मोर्चे निघाले, न्यायालयाचे व हरित लवादाचे दरवाजे ठोठावले गेले. आता त्या साठलेल्या ढिगाचे ‘बायोमायनिंग’, म्हणजे ढीग उकरून व चाळून त्याचे घटक वेगळे करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे.

या कामाबरोबर एक नवी भाषाही आली आहे. कचरा हा कचरा नव्हे, ती संपत्ती आहे. क्षेपणभूमी ही शहरातली खाण आहे. तीतून धातू, खत, इंधन आणि वीज निघेल, असे सभासंमेलनांतून सांगितले जाते. ऐकायला हे गोड आहे. तथापि खाण कोणती आणि खड्डा कोणता, हे ओळखण्याची अर्थशास्त्रात एक साधी कसोटी आहे: पैसा कोण कोणाला देतो? चंद्रपूरला कोळसा काढणारा सरकारला स्वामित्वधन देतो, कारण जमिनीखाली त्याच्या खर्चाहून अधिक मोलाची वस्तू आहे. क्षेपणभूमीत खरोखर संपत्ती असती, तर कंत्राटदार महापालिकेला रक्कम देऊन उकरण्याचा हक्क मागता. प्रत्यक्षात काय घडते?

मुंबई महापालिकेने १९६७ पासून वापरात असलेली मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद केली आणि तेथला सुमारे ७० लाख टन कचरा हलविण्याचे काम ५५८ कोटी रुपयांना दिले. भागाकार केल्यास टनामागे सुमारे ८०० रुपये पडतात, आणि ते महापालिका देते. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासूनची. तेथील सुमारे १८५ लाख टनांसाठी २०२५ मध्ये २,३६८ कोटी रुपयांची निविदा निघाली, म्हणजे टनाला सुमारे १,२८० रुपये. वसूल झालेल्या मालाची जी काही किंमत येईल ती गृहीत धरूनच कंत्राटदार दर भरत असतो. तरीही रकमेपुढचे चिन्ह उणेच राहते.

असे का, हे ढिगात काय असते ते पाहिल्यास उमगते. उकरलेला माल फिरत्या चाळणीतून काढला की बहुधा निम्म्याहून अधिक भाग बारीक माती म्हणून खाली पडतो. उरतात दगडविटांचा चुरा, फाटक्या प्लास्टिक-चिंध्यांचा जळाऊ अंश आणि नावापुरता धातू. धातू नाममात्र असण्याचे कारण उघड आहे. तांबे, पितळ, लोखंड, बाटल्या, पुठ्ठा यांतले विकाऊ ते घरातल्या भंगारवाल्याने, मग रस्त्यावरच्या वेचक बाईने आणि शेवटी ढिगावर वेचणाऱ्या मुलांनी आधीच उचललेले असते. आपल्याकडची क्षेपणभूमी म्हणजे तीनदा वेचून झालेले शेत आहे. श्रीमंत देशांतील ढिगांवरून बांधलेले आडाखे येथे लागू पडत नाहीत ते यामुळेच.

मातीचीही गत फारशी निराळी नाही. क्षेपणभूमी उकरण्याचा जो पहिला प्रयोग सामान्यतः सांगितला जातो, तो १९५३ मधला, इस्रायलमधील तेल अवीव शहराचा. संत्र्या-मोसंबीच्या बागांना माती हवी म्हणून ढीग उकरला गेला होता. पण तो प्लास्टिकपूर्व काळातला कचरा! आज आपल्या ढिगात बॅटऱ्या, नळ्या, रंगाचे डबे व औषधे एकत्र कुजलेली असतात. त्या मातीत जड धातू नाहीत याची तपासणीने खात्री पटल्याखेरीज तिला शेताचा रस्ता दाखविणे हा गुन्हाच ठरेल. मग ती खड्डे भरायला जाते, आणि भरावाच्या मातीला भाव तो किती असणार?

राहिला प्रश्न ऊर्जेचा. जळाऊ अंश सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी वापरता येतो, हे खरे. परंतु महाराष्ट्रातल्या मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूरच्या बाजूला, आणि कचरा मुंबई-ठाण्यात. धुळीने माखलेला, ओलसर, हलका माल आठशे किलोमीटर वाहून नेल्यावर वाहतुकीचा खर्च इंधनाचे मोल खाऊन टाकतो. थेट जाळून वीज करण्याचा धडा तर आपण फार पूर्वी घेतला आहे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर कचरा जाळण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांतच बंद पडला. आपल्या कचऱ्यात माती आणि ओलावा इतका, की तो पेटता ठेवायला वेगळे इंधन लागू लागले. तीच कथा वायूची. बोरिवलीजवळ गोराईची क्षेपणभूमी शास्त्रीय पद्धतीने झाकून मिथेन गोळा करण्याची योजना झाली. कार्बन-पतीच्या विक्रीपोटी आशियाई विकास बँकेकडून आगाऊ रक्कमही मिळाली. ढीग झाकला गेला, परिसर निवळला, हा लाभ मोठाच. पण २०१२ च्या सुमारास कार्बन-पतींचा जागतिक भावच कोसळला, आणि हे उत्पन्न किती बेभरवशाचे हे दिसून आले.

तर मग या ढिगांत मोलाचे काहीच नाही काय? आहे, पण ते ढिगात नसून ढिगाखाली आहे. मुलुंडची क्षेपणभूमी सुमारे २४ हेक्टरांची. ५५८ कोटी रुपये त्या क्षेत्रफळावर पसरल्यास चौरस फुटाला २,१६० रुपयांच्या आसपास खर्च येतो. मुलुंडला सदनिकेचा भाव काढून आलेल्या कोणाही कारकुनाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. खाण आहे ती जमिनीची. आणि एकदा हे मान्य केले की पुढचा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो: मोकळी झालेली जमीन कोणाची? देवनारच्या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. ढीग हलविण्याचा खर्च मात्र महापालिकेच्या, म्हणजे करदात्याच्या माथी. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले तेव्हा ज्या गोवंडी-शिवाजीनगरच्या रहिवाशांनी दिवसेंदिवस धूर गिळला, त्यांचा या हिशेबात रकाना कोठे आहे, हे निदान मला तरी आढळले नाही.

यावरून ढीग उकरूच नयेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते उकरलेच पाहिजेत. आग आणि विषारी पाणी यांची किंमत कोणत्याही निविदेत लिहिलेली नसली तरी ती कोणी ना कोणी भरतच असते. आक्षेप आहे तो या खर्चाला उत्पन्नाचे सोंग देण्यावर. ही जुन्या कर्जाची फेड आहे. मुलुंडला निदान नवा कचरा थांबविल्यावर फेड सुरू झाली. उत्तनला मात्र केबिन रोडसकट साऱ्या मीरा-भाईंदरचा कचरा रोज चढतोच आहे. साठा एका हाताने उपसायचा आणि प्रवाह दुसऱ्या हाताने चालू ठेवायचा, हा व्यवहार बारावीच्या विद्यार्थ्यालाही उत्तरपत्रिकेत मांडता येणार नाही.

तेच साहित्य ढिगावर जाण्यापूर्वी वेगळे केले, तर गणिताचे चिन्ह पालटू लागते. ओला कचरा स्वच्छ असेल तर त्याचे खत खरोखर खत असते आणि त्याचा वायू खरोखर जळतो. कोरडा पुठ्ठा भंगारवाला पैसे देऊन नेतो. तोच भाजीच्या पाण्यात भिजला की त्याला हात लावीत नाही. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा वेगवेगळा उचलू लागली. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेने कोरड्या कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार करून आपली क्षेपणभूमी लोकांनी पाहायला यावे अशी केली. वेंगुर्ले लहान गाव आहे, मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीला ते जमेल काय, ही शंका रास्त आहे. परंतु केबिन रोडवरची एकेक इमारत वेंगुर्ल्याच्या आळीएवढी आहे, आणि तिला सोसायटी आहे, सचिव आहे, सफाई कामगार आहे.

महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा नगरसेवकांनी व नागरिकांनी तीन आकडे मागून घ्यावेत. उत्तनच्या ढिगातला टनभर कचरा हलविण्यास विक्रीचे उत्पन्न वजा जाता किती खर्च आला. त्याच वर्षी किती टन मिश्र कचरा नव्याने डोंगरावर चढला. आणि जी जमीन मोकळी झाली वा होईल, तिच्या उपयोगात उत्तनच्या ग्रामस्थांचा वाटा किती धरला आहे.