सांताक्रूझला न लाभलेला पतंगाचा डोळा

दक्षिण फ्रान्समधल्या लाब्रुगिएर गावात आर्थर बातू याने १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधून आकाशात सोडला. शटर उघडायला त्याने हळूहळू जळत जाणारी वात लावली होती. उंची नोंदवणारं एक साधनही सोबत चढवलं, कारण उंची कळली की छायाचित्रावरून जमिनीची मापं काढता येतात. १८९० मध्ये या तंत्रावर त्याचं पुस्तक आलं. विमान अजून उडायचं होतं.

१९०६ च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं आणि आगीत जळालं. सहा आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्सने पतंगांची माळ उडवून सुमारे २२ किलोंचा कॅमेरा २,००० फुटांवर नेला आणि तारेतून वीज सोडून शटर उघडलं. हाती आलं ते चारेक फूट रुंदीचं छायाचित्र. जळालेलं अख्खं शहर एका नजरेत दाखवणारं. पतंगाने काढलेलं याहून मोलाचं चित्र क्वचितच असेल.

संक्रांतीला उडतो त्या पतंगाला हे काम झेपत नाही. तो हलका, चपळ, ढील देताच गोता खाणारा. काटाकाटीत हाच त्याचा गुण. कॅमेऱ्याला हवा मोठा, स्थिर पतंग; उदाहरणार्थ जपानी षट्कोनी रोक्काकू. कॅमेरा पतंगाला न बांधता दोरीवर, बराच खाली टांगतात. १९१२ मध्ये पिकाव्हे या फ्रेंच माणसाने दोऱ्या आणि लहान कप्प्यांची जी झुलती बैठक काढली, तिच्यामुळे दोरी कलली तरी कॅमेरा आडवा राहतो.

मुंबईत समुद्राचा वारा जुहू-सांताक्रूझला भरपूर मिळतो, पण इथलं आकाश लवकरच विमानांचं झालं. १९२८ मध्ये जुहूला विमानतळ आला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. स्वातंत्र्यानंतर प्रवासी विमानं सांताक्रूझला आली. १९३४ च्या विमान कायद्याने तर ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येतच पतंग घातला. पुढे हलके डिजिटल कॅमेरे येऊन जगभर पतंगावरून छायाचित्रं काढण्याच्या छंदाने पुन्हा जोर धरला, तेव्हा सांताक्रूझमध्ये त्याला जागाच उरली नव्हती. विमानांच्या वाटेत दोरी नको, हे योग्यच.

तरीही हळहळ वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्याला मात्र शंभरही नव्हता. हे पाणी वाहून नेणारी, धावपट्टीखालून जाणारी मिठी नदी आणि वाकोला नाला कुठे अरुंद झालेत, कुठे भराव पडलाय, हे पतंगावरून, शंभर मीटर उंचीवरून स्वच्छ दिसलं असतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा सामान्य लोकांनी फुगे आणि पतंग उडवून किनाऱ्याची छायाचित्रं घेतली, ती जोडून स्वतःचे नकाशे केले. त्यातूनच ‘पब्लिक लॅब’ उभी राहिली. मिठीकाठच्या रहिवाशांना दर उन्हाळ्यात अशी नोंद ठेवता आली असती, तर नालेसफाईच्या दाव्यांपुढे त्यांना पुरावा ठेवता आला असता.

भारतात पतंगावरून छायाचित्रण झालं ते इतरत्र. निकोलस शोरिए या फ्रेंच छायाचित्रकाराचं पतंगावरून टिपलेल्या भारताचं पुस्तक २००७ मध्ये निघालं. मग ड्रोन आले. २०१४ मध्ये त्यांच्या खासगी वापरावर बंदी आली, २०१८ च्या नियमांनी मुंबई विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरचा पट्टा निषिद्ध केला. सांताक्रूझ त्यातच येतं. पतंगाला मात्र तरंगत राहायला बॅटरी लागत नाही. वारा आहे तोवर तो तासन्‌तास, आवाज न करता राहतो. विमानतळांपासून दूर, कोकणातल्या खाड्यांवर, रीतसर परवानगी काढून शाळा-महाविद्यालयांनी तो जरूर उडवावा. कांदळवनांची कड पावसाळ्यापूर्वी आणि नंतर टिपायची, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उभं राहायचं.