लांब रंधा

माझे व्याही माँट्रियलचे. त्यांच्या स्वयंपाकघरात पाइनच्या लाकडाचं एक जुनं कपाट आहे, दारांवर हिऱ्याच्या पैलूंसारखे उठावदार त्रिकोण कोरलेले. ‘आमच्या सुतार पूर्वजानं केलंय,’ असं घरात चार पिढ्या सांगतात. कागद मात्र एकही नाही. गेल्या हिवाळ्यात व्याह्यांनी तो पूर्वज शोधायचं मनावर घेतलं. मुलीकडे राहायला आलेली मी त्यांच्याबरोबर व्हिजे अव्हेन्यूवरच्या अभिलेखागारात जाऊन बसू लागले. चकल्यांचा डबा दारातच लॉकरमध्ये ठेवावा लागे.

पहिली सव्वादोनशे वर्षं भराभर मागे गेली. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या माहेरचे सात पिढ्यांचे पुरुष आहेत; बायका शोधाव्या लागतात. क्यूबेकचे पाद्री लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईबापांची नावं लिहीत, आणि आईचं नाव माहेरचं. बाई दफनापर्यंत माहेरच्याच नावानं ओळखली जाते. नोंदवहीच्या प्रतीही दोन, एक चर्चची, एक सरकारची. एक लग्न सापडलं की त्यातून आईबापांचं लग्न शोधायचं, असं जिना उतरल्यासारखं खाली जायचं.

१७९०च्या आसपास पायरीच सापडेना. आडनाव अचानक नाहीसं झालं. तीन दिवस गेल्यावर ‘दि’ हा शब्द लक्षात आला. ‘दि’ म्हणजे ‘ऊर्फ’. उदाहरणार्थ, सतराव्या शतकात क्यूबेक शहरात ल्वासर नावाचे दोन सुतार भाऊ होते, ज्याँ आणि पिएर. त्यांनी सुतारांची रक्षक संत अ‍ॅन हिच्या नावानं सुतारांचा संघ काढला. पण ज्याँ ‘ल्वासर दि लाविन्य’ आणि पिएर ‘ल्वासर दि लेस्पेराँस’. पुढे मुलं यातलं हवं ते नाव लावीत. आपल्याकडे थोरल्याचं घर कुलकर्णी राहतं आणि धाकट्याचं गावावरून अमुककर होतं, तसंच. आमचा माणूस ऊर्फच्या पलीकडच्या नावाखाली निवांत बसला होता.

नावापुढे धंदा होता : मन्युइझिए. घराचा सांगाडा, वासे, तुळया उभारणारा तो शार्पाँतिए; दारं, खिडक्या, जिने, कपाटं करणारा तो मन्युइझिए. शब्दाच्या मुळाशी ‘बारीक’ आहे. मराठीत दोघेही सुतारच.

चर्चची वही एवढंच सांगते. खरा माणूस सापडला नोटरीच्या दप्तरात. क्यूबेकमध्ये तेव्हा ‘पॅरिसचा रिवाज’ हा कायदा लागू होता, नवरा-बायकोच्या मिळकतीत तिचा अर्धा वाटा. ती लहान मुलं मागे ठेवून वारली, की नवऱ्याला सगळ्या घराची यादी करून द्यावी लागे. नोटरी दोन मूल्यकर्ते घेऊन येई आणि खोलीखोलीतून किंमत लावत जाई. ते अक्षर बघून मला आपली मोडी आठवली, हात न उचलता लिहिलेली. व्याही जन्माचे फ्रेंच बोलणारे, पण एक पान लावायला त्यांना दोन दिवस लागले. किटली. पिसांची गादी. एक गाय, रंग तांबडा. मग कामाची खोली आली आणि ते हळू, एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागले. पटाश्या सहा. खाच पाडायचे रंधे, जोडीनं. करवत, दात झिजलेली. एक लांब रंधा, जुना. मी प्रत्येक शब्दाला मराठी नाव देत होते आणि त्यांना ते लिहून हवं होतं.

कपाटाचा उल्लेख कुठेच नाही. खरं तर त्याच्या मागच्या फळ्यांना गोल तारेचे खिळे आहेत, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळले. मग ती नंतरची दुरुस्ती, नाहीतर सगळी घरगुती दंतकथाच. पुढची चौकट मात्र लाकडी मेखांनी जोडलेली आहे. सुतार कपाटावर सही क्वचितच करत. आमचा सुतार तर कागदावरही करत नव्हता : ‘सही येत नसल्याचे सांगितले’, असं नोटरीनं लिहून ठेवलंय.

यादीला लिलावाचा कागद जोडलेला होता. मुलांचा वाटा पाडण्यासाठी सामान विकलं गेलं. कुणी काय घेतलं, ओळीनं लिहिलंय. गाय शेजाऱ्यानं नेली, गादी मेहुण्यानं. लांब रंध्यापुढे खरेदीदार म्हणून त्याचं स्वतःचं नाव आहे.