वसंताची खेळकर कविता : एकट्याची आणि चौघांची

वसंताची खेळकर कविता आकाराने लहान असते. ऋतूची एक ओळखीची खूण, त्या खुणेकडे पाहण्याची थोडी तिरपी नजर आणि शेवटच्या शब्दावर येणारे हसू, एवढे तिला पुरते. ती एकट्याने लिहिता येते. चार जणांनी आळीपाळीने ओळी जोडतही ती रचता येते, आणि मराठी मुलखाला ही दुसरी रीत फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

या रीतीचा एक जुना धागा शेजारच्या कन्नड मुलखात, कावेरीकाठच्या तलकाडला सापडतो. म्हैसूरपासून सुमारे 45 किलोमीटरवरचे हे गाव गंग घराण्याची राजधानी होते. आठव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या दुसऱ्या शिवमाराने हत्तींवर ‘गजाष्टक’ नावाची कन्नड रचना केली. ती आज उपलब्ध नाही, पण पुढच्या काळातला एक शिलालेख सांगतो की, ती ओनकेवाडु म्हणून, म्हणजे मुसळाच्या तालावरचे गाणे म्हणून लोकांत रुळली होती. राजाची रचना धान्य कांडणाऱ्या बायकांच्या तोंडी बसावी, याहून मोठा मान कोणत्या कवीला मिळणार? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अशीच नोंद केली आहे : महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. दोन्ही भाषांचा शेजारही जुना आहे. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची मूर्ती घडवली. तिच्या पायाशी कन्नड आणि तमिळ अक्षरांबरोबर मराठी अक्षरेही कोरलेली आहेत.

कांडणातून कविता कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. उखळाभोवती दोघीतिघी उभ्या राहिल्या की मुसळे आळीपाळीने पडतात. एकीचे वर असते तेव्हा दुसरीचे खाली. चुकीच्या वेळी पडलेले मुसळ दुसऱ्या मुसळावर आपटते, त्यामुळे ताल पाळावाच लागतो. ओळ किती लांब असावी हे श्वास ठरवतो, कुठे थांबावे हे हात ठरवतो. एकीने ओळ टाकली की दुसरीला ती उचलायला एका घावाचा अवकाश मिळतो, आणि तेवढ्यात पुढची ओळ सुचावी लागते. जात्यावरही दोघी समोरासमोर बसतात आणि खुंटा दोघींच्या हातात असतो. जात्यावरच्या पुष्कळ ओव्यांत पहिली ओळ झाड, पाखरू, पाऊस किंवा ऊन दाखवते आणि दुसरी ओळ तिथून उडी मारून माहेरी, भावाकडे, लेकराकडे जाते. या दोन ओळींमधल्या उडीत सगळी गंमत आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या जमवल्या. पुढे गी पोइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. एवढी मोठी कविता कोणा एकीच्या नावावर नाही, आणि त्यामुळे तिचे मोल तसूभरही कमी होत नाही.

चैत्रात हाच खेळ बैठकीत होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्याच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे असतात, आणि आग्रह झाला की उखाणेही होतात. उखाण्यातही पहिल्या ओळीत फूल, फळ किंवा ऋतू येतो, दुसरीत यमक साधून नाव येते. यमक जुळवण्याची धांदल सगळ्यांसमोर होते आणि त्या धांदलीलाच दाद मिळते.

लिखित कवितेत वसंताचा खेळकरपणा ‘गाथासप्तशती’इतका जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा हा महाराष्ट्री प्राकृतातला सुमारे सातशे गाथांचा संग्रह अनेकांच्या रचनांतून झाला आहे. त्यात स्त्रियांची नावेही येतात. त्यातल्या एका गाथेत पळसाची फुले पोपटाच्या चोचीसारखी दिसतात, आणि जमिनीवर पडलेली तीच फुले बुद्धाच्या पायी लोटांगण घालणारे भिक्षू होतात. दोन ओळींत रंग, आकार आणि पडण्याची तऱ्हा तिन्ही आली. कवीने पळस नीट पाहिला होता, म्हणूनच त्याची कल्पना इतक्या शतकांनंतरही ताजी राहिली आहे.

आधुनिक काळात निसर्गाची कविता बहुधा एकट्याची झाली. तरी कवी भेटत राहिले. 1907मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुण्यात 1923मध्ये सुरू झालेल्या रविकिरण मंडळात कवी एकत्र जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत, पण प्रत्येकाची कविता त्याची त्याची असे.

एका कवितेत अनेकांनी ओळी घालण्याची रीत जपानने सर्वांत बारकाईने घडवली. तिथे साखळीकवितेला रेंगा म्हणतात. पहिला 5-7-5 अशा मात्रांचा तुकडा एकाने द्यायचा, दुसऱ्याने 7-7चा जोडायचा, पुन्हा 5-7-5. 1488 साली सोगी, शोहाकु आणि सोचो या तिघांनी मिनासे येथे रचलेली शंभर तुकड्यांची साखळी वसंताच्या धुक्यापासून सुरू होते. पुढे रेंगात लोकांची बोली आणि थट्टा आली. कवी बाशोच्या (1644–1694) काळात 36 तुकड्यांची साखळी आवडीची झाली. तिच्यात चंद्र तीनदा आणि बहर दोनदा येतो. याच साखळीचा पहिला तुकडा मासाओका शिकी (1867–1902) याने स्वतंत्र केला, तो हायकू. मराठीत हायकू रुजवला तो आचार्य अत्रे यांच्या कन्या शिरीष पै (1929–2017) यांनी. मराठी हायकूत अक्षरमोजणीची सक्ती सहसा नसते. तीन ओळी आणि पुष्कळदा दोन ओळींचे यमक त्याला पुरते. मात्र हायकू आला तो एकटा आला, साखळी मागेच राहिली. ओवीच्या मुलखात खरे तर तीच अधिक घरची वाटायला हवी.

साखळीचा मुख्य नियम एकच आहे. प्रत्येक तुकडा फक्त आधीच्या तुकड्याशी जोडलेला असावा. त्याच्या आधीच्याकडे वळून जाऊ नये. उदाहरणासाठी तलकाडचाच वसंत घेता येईल. माघ-फाल्गुनापासून कावेरीचे पाणी उतरते आणि वळणावरची वाळू उघडी पडते. इथल्या वाऱ्याने हीच वाळू शतकानुशतके उचलून देवळांवर टाकली, इतकी की पाताळेश्वर आणि मरुळेश्वर यांच्या दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. अशा ठिकाणी पहिला तुकडा असा होऊ शकतो :

नदी मागे सरली;
टिटवीने लगेच
पहिली जागा धरली.

टिटवी घरटे बांधत नाही, उघड्यावर खड्यांमध्येच अंडी घालते. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशाची घाई तिला दिली की वसंत हसरा होतो. दुसरा भिडू म्हणेल :

खड्यांत अंडी, अंड्यांत खडे;
तिचीच चुकते मोजणी.

आता तिसऱ्याने टिटवी आणि नदी सोडायची, मोजणी तेवढी घ्यायची :

कैऱ्या मोजून ठेवल्या,
सांजेला दोन कमी;
मिठाची बरणी उघडी.

आणि चौथ्याने चोरी घेऊन साक्षीदार आणायचा :

कोकीळ सगळं पाहतो;
ओरडतो, पण नाव घेत नाही.

चार तुकड्यांत कविता नदीवरून स्वयंपाकघरात आणि तिथून आंब्याच्या झाडावर गेली. एकाच माणसाने ती लिहिली असती तर बहुधा टिटवीपाशीच रेंगाळली असती. दुसऱ्याच्या ओळीमुळे आपली ओळ सोडून द्यावी लागते, आणि ही सवय एकट्याने लिहितानाही फार उपयोगी पडते.

एकट्याने लिहिणाऱ्याला भिडू नसतो, म्हणून त्याने समोरच्या वस्तूलाच भिडू करावे. पळस, पांगारा आणि काटेसावर पाने झडल्यावर फुलतात. तांबट पक्षी दुपारभर एकाच सुरात टुकटुक करतो. कडुनिंबाचा मोहोर वास आधी पाठवतो आणि मग दिसतो. यातली प्रत्येक गोष्ट स्वभावतःच थोडी विनोदी आहे, कवीने ती फक्त मोडू नये. ‘सुंदर’, ‘मनोहर’, ‘रम्य’ ही विशेषणे काढून क्रियापदावर भार दिला तर ओळ हलकी होते. दुरून आलेल्या वसंताच्या खुणाही टाळाव्यात. बर्फ वितळणे आणि चेरीचा बहर जपानी कवीसाठी खरे आहेत. दख्खनच्या वसंतात धूळ आहे, पानगळ आहे, वावटळ आहे आणि भर उन्हात लाल झालेले बोडके झाड आहे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला तरी पळसाचा वसंत फाल्गुनातच सुरू होतो, आणि कवितेने पळसाचे ऐकावे.

चौघांनी बसायचे असेल तर एकाने लिहून घेणारा व्हावे. जपानी बैठकीत हे मानाचे काम असते : आलेला तुकडा मोठ्याने वाचायचा, आधीचा शब्द पुन्हा आला असेल तर परत द्यायचा आणि पटला की कागदावर उतरवायचा. मुले असतील तर बारा तुकडे पुरतात. 36 तुकड्यांच्या साखळीत शेवटून दुसरा तुकडा बहराचा असतो, आणि अखेरचा तुकडा बहुधा वसंताचाच, सहज आणि प्रसन्न. तो फार विचार करून लिहू नये, असा संकेत आहे.