बळींचा धनी, कॅपविना!

अमेरिकेत १९७९ साली नोलन रायन या बेसबॉलच्या पिचरने वर्षाला १० लाख डॉलरचा करार केला. त्याच काळात मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर रणजीची मैदाने गाजवत होते. पण तेव्हा रणजीपटूंची चूल पेटायची ती नोकरीच्या पगारावर!

१९७३ च्या अंतिम सामन्यात शिवलकरांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी टिपले. प्रथम श्रेणीत एकूण ५८९! तरीही बिशनसिंग बेदींच्या जमान्यात भारताची कॅप त्यांना मिळाली नाही. अखेर २०१७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, बंगळूरच्या सोहळ्यात क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२५ मध्ये ते गेले. दाद मिळाली, पण किती उशिरा!